अर्थ पाठ, वापर कोरा

नाशिकजवळच्या देवळालीचं नाव इंग्लंडमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. ते एका गावाचं नाव आहे हे मात्र बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही, तो भ्रमिष्टासारखा वागतोय असं सांगायचं असलं की इंग्रज माणूस म्हणतो, 'ही हॅज गॉन डूलॅली'. ही डूलॅली म्हणजे आपली देवळाली. १८६१ मध्ये तिथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली. हिंदुस्थानातल्या नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे थांबत. फौजेच्या बोटी मुंबईहून सुटत त्या हिवाळ्याच्या मोसमात. मोसम संपल्यावर जो देवळालीला पोचला, त्याला पुढचा मोसम येईपर्यंत महिनोन्‌महिने बसून राहावं लागे. काम जेमतेम, वर ऊन, हिवताप आणि दारू. काहींची डोकी खरोखरच फिरत. शिपायांनी या अवस्थेला 'डूलॅली टॅप' असं नाव दिलं. त्यातला टॅप म्हणजे हिंदुस्थानी बोलीतला ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानं १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींच्या पुस्तकात या छावणीबद्दल लिहिलं आहे. पुढे 'टॅप' गळून पडला, छावणीत भारतीय तोफखान्याची शाळा आली, आणि इंग्लंडमध्ये नुसतं 'डूलॅली' उरलं.

शब्दकोशात डूलॅलीचा अर्थ एका शब्दात उरकता येतो: वेडा. पण तेवढ्या भांडवलावर तो वापरता येत नाही. तो ब्रिटनमधला आहे, अमेरिकेत अनेकांना कळणारही नाही. त्याचा सूर घरगुती आणि हलका आहे. स्वतःबद्दल किंवा मित्राबद्दल तो चालतो, मनोरुग्णाच्या नातेवाइकांसमोर चालत नाही, डॉक्टरच्या अहवालात तर नाहीच नाही. वाक्प्रचार येणं म्हणजे हे सगळं येणं. आपल्याकडे इंग्रजी वाक्प्रचारांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पण तो जवळजवळ सगळाच अर्थापाशी येऊन थांबतो. माझी तक्रार तेवढ्याचबद्दल आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि पुढे रेन-मार्टिनच्या व्याकरणावर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं. आता ती जागा स्पर्धा परीक्षांच्या गाइडांनी घेतली आहे. बँका, कर्मचारी निवड आयोग, सगळीकडे वाक्प्रचारावर प्रश्न असतात. एक वाक्प्रचार, चार पर्याय, एक बरोबर. पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत मुलं शेकडो वाक्प्रचार अर्थासकट पाठ करतात. त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण या याद्या वर्णानुक्रमानं लावलेल्या असतात आणि त्यांत जिवंत, मरणासन्न आणि मेलेले वाक्प्रचार एका रांगेत बसतात. कोणता कधी वापरायचा, कोणता तोंडात आला तर ऐकणारा चमकेल, याचा एक शब्दही नसतो.

रोझामंड मून या अभ्यासक बाईंनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांच्या इंग्रजी मजकुराचा संग्रह तपासला. त्यातून दिसलं ते असं की, कोशांत मानानं मिरवणारे बहुसंख्य वाक्प्रचार दहा लाख शब्दांमागे एकदाही येत नाहीत. म्हणजे एखादा माणूस जाडजूड कादंबऱ्या ओळीनं वाचत गेला तरी त्यातला नेमका एखादा त्याला भेटेल याची खात्री नाही. धो धो पावसासाठी आपल्याकडे प्रत्येक शाळेत शिकवला जाणारा 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा त्याचा ठळक नमुना. इंग्लंडमधला माणूस आज खिडकीतून पाहून बहुधा 'इट्स पोअरिंग' किंवा 'इट्स बकेटिंग डाउन' म्हणेल. याउलट जे दर चार वाक्यांनी ऐकू येतात ते याद्यांत नसतात: 'टू बी फेअर', 'कीप ॲन आय ऑन', 'गेट अवे विथ', 'ॲट द एंड ऑफ द डे'. त्यांत मांजर नाही, कुत्रा नाही, काही चित्रच नाही, म्हणून ते कुणाला वाक्प्रचार वाटत नाहीत. 'ॲट द एंड ऑफ द डे'चा संध्याकाळशी संबंध नाही. सगळं जमेस धरून शेवटी काय, एवढंच त्यात म्हणायचं असतं, आणि टीव्हीवरच्या मुलाखतीत तो इतका येतो की खुद्द इंग्रजही त्याला कंटाळले आहेत. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या शब्दसंग्रहावर आधारलेला कॉलिन्स कोबिल्डचा वाक्प्रचार कोश १९९५ मध्ये आला. त्यात जास्त आढळणाऱ्या वाक्प्रचारांना वेगळी खूण आहे. आपल्या गाइडांनी निदान तेवढी खूण उचलायला हवी होती.

दुसरी गोष्ट सुराची. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे आपला प्रत्येक परीक्षार्थी जाणतो. पण मराठीतही मरण्याला 'निवर्तले', 'वारले', 'गेले', 'खपला', 'गचकला' अशा पायऱ्या आहेत, आणि शेजारचे आजोबा गचकले असं त्यांच्या घरच्यांना कुणी सांगत नाही. 'किक द बकेट' हा गचकण्याच्या पायरीवरचा आहे. शोकपत्रात तो लिहिणं म्हणजे अनर्थ. यादीत मात्र त्याच्यापुढे फक्त 'टू डाय' असतं.

आणि तिसरी, मोडतोड किती चालते ही. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. त्याचं कर्मणी रूप इंग्रजीत चालतं, 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हणता येतं. 'किक द बकेट'चं तसं केलं तर मरणाचा अर्थ उडून जातो आणि कुणीतरी बादलीला लाथ मारली एवढंच उरतं. असं का, याचं उत्तर ननबर्ग, सॅग आणि वॉसो या तिघा भाषातज्ज्ञांनी १९९४ च्या एका गाजलेल्या निबंधात दिलं. बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणं म्हणजे फोडणं अशी वाटणी ऐकणारा मनात करू शकतो. बादलीच्या वाक्प्रचारात अशी वाटणी होतच नाही, तो सगळा मिळून एक अर्थ आहे. मराठी कानाला हे लगेच पटेल. 'यात कुठेतरी पाणी मुरतंय', 'बरंच पाणी मुरलंय', 'मुरलेलं पाणी बाहेर आलं' हे सगळं चालतं. पण चोरानं पोलिसांच्या हातावर 'मोठ्या तुरी' दिल्या असं कुणी म्हणत नाही, आणि 'तुरी दिल्या गेल्या' ऐकून लहान मूलही हसेल. मातृभाषेत हे ज्ञान आपोआप येतं. परक्या भाषेत ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि नेमकं तेच शिकवलं जात नाही.

इंग्रजी वाक्प्रचार आले कुठून, हा प्रश्न मात्र सगळ्यांना आवडतो, आणि त्याचं खरं उत्तर फार श्रीमंत आहे. हे बेटावरचं, जहाजांवर जगलेलं राष्ट्र. त्यामुळे समुद्राची भाषा जमिनीवर पसरली. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारूनं झिंगलेला. इथे शीट म्हणजे चादर नव्हे आणि शीडही नव्हे, शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला दोर. हे दोर सुटले की शीड फडफडतं आणि जहाज दारुड्यासारखं हेलकावतं. 'बाय अँड लार्ज' हा आज सरकारी अहवालातला सपक शब्दप्रयोग आहे, साधारणपणे या अर्थाचा. मुळात 'बाय' म्हणजे वाऱ्याला शक्य तितकं तोंड देऊन जाणं आणि 'लार्ज' म्हणजे वारा पाठीशी घेऊन जाणं. जे जहाज दोन्ही वाऱ्यांत नीट चालतं ते एकंदरीत चांगलं. 'टेकन अबॅक', म्हणजे चकित होणे, हाही तिथलाच: वारा अचानक समोरून येऊन शिडं डोलकाठीवर उलटी दाबली गेली की जहाज जागच्या जागी थबकतं. 'नो द रोप्स', कामातल्या खाचाखोचा माहीत असणं, यातले दोरही जहाजावरचेच मानले जातात.

दुसरा मोठा झरा बायबलचा. भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २०१० च्या 'बिगॅट' या पुस्तकात १६११ च्या किंग जेम्स बायबलमधून रोजच्या इंग्रजीत आलेले वाक्प्रचार मोजले तेव्हा ते २५७ भरले. त्यांतले फक्त १८ त्या भाषांतराचे स्वतःचे होते, बाकीचे आधीच्या भाषांतरांतून आलेले. त्या आधीच्यांत पहिला मान विल्यम टिंडेलचा. 'स्केपगोट' हा शब्द त्यानं घडवला, 'द पॉवर्स दॅट बी' त्याच्या भाषांतरातून आला. लोकांच्या भाषेत धर्मग्रंथ आणणाऱ्या या माणसाला १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं आणि जाळलं. आज इंग्लंडातला नास्तिकही त्याचे शब्द वापरतो. बायबलमधला 'सॉल्ट ऑफ द अर्थ' मराठी वाचकाला हमखास फसवतो. खाल्ल्या मिठाला जागण्याची आपली सवय असल्यानं त्यात स्वामिनिष्ठा दिसते. पण तो साध्या, सरळ, भरवशाच्या माणसाबद्दल म्हणतात. विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या बंगालमधल्या श्रीरामपूर छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बायबल मराठीत आलं, तरी त्यातले शब्दप्रयोग ख्रिस्ती समाजाबाहेरच्या मराठीत फारसे रुळले नाहीत. पुराणं, कीर्तनं आणि संतांची वाणी यांनी ती जागा आधीच व्यापली होती.

शेक्सपिअरबद्दल थोडक्यात एवढंच, की त्याच्या नावावर जमा असलेलं सगळंच त्यानं घडवलेलं नाही. 'लव्ह इज ब्लाइंड' त्याच्या दोनशे वर्षं आधी चॉसरच्या लेखनात आहे. पण 'ग्रीन-आइड मॉन्स्टर' आणि 'पाउंड ऑफ फ्लेश' निर्विवाद त्याच्या नाटकांतून आले.

खेळ हा तिसरा झरा, आणि इथे आपण घरचे आहोत. 'स्टिकी विकेट', 'ऑन द बॅक फूट', 'ऑफ युअर ओन बॅट' हे क्रिकेटचे वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. १८५८ मध्ये शेफील्डला एच. एच. स्टीफन्सननं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी दिली, त्यातून 'हॅट-ट्रिक' आली असं सांगतात. आज आमदार तिसऱ्यांदा निवडून आला की मराठी वर्तमानपत्र हॅट्ट्रिकचाच मथळा देतं. पण हिंजवडीतल्या इंजिनिअरला सकाळच्या मीटिंगमध्ये जे ऐकू येतं ते क्रिकेटचं नसतं, बेसबॉलचं असतं: 'बॉलपार्क फिगर', 'टच बेस', 'कर्व्हबॉल', 'स्टेप अप टू द प्लेट'. ज्या खेळाचं मैदान त्यानं पाहिलेलं नाही त्याच्या भाषेत त्याला खर्चाचा अंदाज द्यावा लागतो. 'बॉलपार्क' म्हणजे ढोबळ आकडा. तो पुढे दोन दशांश स्थळांपर्यंत पकडून ठेवायचा नसतो, हे दोन्ही बाजूंना कळलेलं बरं.

उगमाच्या या आवडीचा एक तोटाही आहे. जिथे पुरावा नाही तिथे लोक गोष्ट रचतात. १९९९ च्या सुमारास ई-मेलमधून एक लेख जगभर फिरला. सोळाव्या शतकात कुत्री-मांजरं गवती छपरावर झोपत, पावसात घसरून खाली पडत, म्हणून 'कॅट्स अँड डॉग्ज', असं त्यात होतं. याला कसलाही आधार नाही. १६५३ मध्ये रिचर्ड ब्रोमच्या नाटकात कुत्री आणि रानमांजरासारख्या प्राण्यांचा पाऊस आहे आणि १७३८ मध्ये जोनाथन स्विफ्टच्या लेखनात आजचं रूप सापडतं, तेही झिजलेल्या, ठरीव बोलण्याची टिंगल करणाऱ्या पुस्तकात. म्हणजे पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच जो शिळा झाला होता तो आपण मुलांना ताजा म्हणून वाढतो.

आपल्याकडच्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे सगळंच्या सगळं, हा वाक्प्रचार नऊवारी लुगड्यावरून आला असं अनेक जण अभिमानानं सांगतात. हिशेब मोहक आहे, वार म्हणजे यार्डच. पण याचे सर्वांत जुने छापील दाखले १९०७ च्या सुमारास अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका गावच्या वर्तमानपत्रात सापडले, आणि १९१२ च्या केंटकीतल्या वर्तमानपत्रात 'होल सिक्स यार्ड्स' आहे. आकडाच पक्का नव्हता, त्यामुळे कोणत्याही एका नऊ वारी वस्तूशी त्याची गाठ घालता येत नाही. दुसरी गोष्ट 'बाइट द बुलेट'ची, म्हणजे नको असलेलं दुःख दात आवळून सोसण्याची. १८५७ च्या चरबीच्या काडतुसांशी तिचा संबंध जोडला जातो. पण फ्रान्सिस ग्रोसच्या कोशात अठराव्या शतकाच्या अखेरीसच नोंद आहे, की फटके खाताना ओरडू नये म्हणून शिपाई तोंडात गोळी चावत. लाक्षणिक वापर मुंबईत जन्मलेल्या किप्लिंगच्या १८९१ च्या कादंबरीत भेटतो. अभिमानापोटी का होईना, खोटा उगम सांगू नये असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे देवळालीसारखा खरा असताना तर नाहीच.

काही वाक्प्रचारांचा उगम मात्र माहीत असणं वापरासाठीच गरजेचं आहे. कंपनीच्या म्हणण्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याबद्दल अमेरिकन लोक 'ही ड्रँक द कूल-एड' म्हणतात. १९७८ मध्ये गयानात जिम जोन्स या धर्मपंथाच्या म्होरक्यानं आपल्या अनुयायांना विष घातलेलं सरबत प्यायला लावलं. नऊशेहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं फार होती. त्यांचे नातेवाईक आजही हयात आहेत. 'सोल्ड डाउन द रिव्हर', विश्वासघात होणे, हा मिसिसिपी नदीच्या खालच्या अंगाच्या मळ्यांवर विकल्या जाणाऱ्या गुलामांच्या नशिबातून आला. जुन्या ग्राहकांना नव्या नियमातून सूट देताना 'ग्रँडफादर्ड इन' म्हणतात, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडचे ते कायदे आठवतात, ज्यांत ज्याच्या आजोबाला मत होतं त्यालाच सहज मत देता येई, म्हणजे काळ्यांना येत नसे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते १९१५ मध्ये मोडून काढले. हे वाक्प्रचार टाकूनच द्या असं मी म्हणत नाही. पण न्यू जर्सीतल्या मराठी माणसानं सहकाऱ्यांसमोर ते उच्चारण्यापूर्वी त्यांच्या पोटात काय आहे हे त्याला माहीत असावं.

अटलांटिकच्या दोन काठांवरचे फरक छोटे आहेत. इंग्रज 'टच वुड' म्हणतो, अमेरिकन 'नॉक ऑन वुड'. इंग्रजांचं वादळ चहाच्या कपात होतं, अमेरिकनांचं किटलीत. मोठा धोका एकाच ठिकाणी: सभेत एखादा मुद्दा 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणं आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणं. अर्थ अगदी उलटा.

मराठीनंही इंग्रजीतून पुष्कळ घेतलं, आणि काय टिकलं ते पाहण्यासारखं आहे. 'लाल फीत' टिकली, कारण ती फीत इथल्याच कचेऱ्यांत फायलींना बांधलेली होती. 'हिरवा कंदील' रेल्वेनं आणला आणि तो स्टेशनात प्रत्येकानं पाहिला. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' इसापनीतीच्या मराठी भाषांतरांतून आलं आणि इतकं मुरलं, की ही म्हण परकी आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. 'हिमनगाचं टोक' कुणी पाहिलेलं नसूनही वर्तमानपत्रांनी रुजवलं. अलीकडे मात्र 'दिवसाच्या शेवटी हा निर्णय जनतेचा आहे' आणि 'आपण सगळे एकाच पानावर आहोत' अशी वाक्यं कानावर येतात. त्यांत चित्रही नाही आणि गरजही नाही. 'शेवटी' आणि 'आपलं एकमत आहे' हे शब्द कुठे गेले? आपल्या इंग्रजीत मात्र 'डू द नीडफुल' हा जुना ब्रिटिश कचेरीतला शब्दप्रयोग आपल्या ई-मेलमध्ये अजून ठणठणीत आहे. 'योग्य ती कार्यवाही करावी' या सरकारी मराठीचा तो जुळा भाऊ. लंडनमध्ये तो आजोबांच्या काळातला वाटतो, पण चूक नाही. आपसात खुशाल वापरावा.

दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन भाग १९४० च्या दशकात काढले आणि मराठीचं फार मोठं काम केलं. इंग्रजी वाक्प्रचारांचा मराठी वाचकासाठी असा कोश मला हवा आहे, ज्यात प्रत्येक नोंद वापराची असेल. 'टेक अ रेन चेक' घ्या. गाइडात अर्थ मिळेल: आमंत्रण पुढे ढकलणे. कोशात असं असावं: अमेरिकन, पण आता ब्रिटनमध्येही कळतो. उगम, बेसबॉलचा सामना पावसानं बंद पडला तर पुढच्या सामन्यासाठी मिळणारं तिकीट. सूर मैत्रीचा. जेवणाच्या किंवा चहाच्या आमंत्रणाला चालतो, लग्नाच्या आमंत्रणाला नाही, वरिष्ठानं सांगितलेल्या कामाला तर मुळीच नाही. बोलणाऱ्याचा खरंच येण्याचा बेत असेलच असं नाही, त्यामुळे लगेच 'मग कधी येताय?' असं विचारून त्याला अडचणीत टाकू नये. मराठीत याच जागी आपण म्हणतो: 'आज नको, पुन्हा कधीतरी नक्की.'